अडवून ठेवलेलं पॅकेज

रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत लिनक्स प्रणालीवर चालणारे संगणक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे लिनक्सताई म्हणत. हे नाव व्यवस्थापकांनी ठेवलेलं. ताईंनीही व्यवस्थापकांना एक नाव ठेवलं होतं, होयबा, पण ते त्यांच्या तोंडावर घेण्यासारखं नव्हतं.

त्या सकाळी ताई आल्या तेव्हा बाकांवर उपाशीपोटी आलेली माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि नळ्यांवर चिकटवायची लेबलं छापणारं यंत्र ढिम्म होतं. लेबलाशिवाय रक्त घ्यायचं नाही, हा तिथला नियम. पहिल्याच जागी ताईंच्या सासूबाई होत्या. त्यांना मधुमेह, आणि पोट रिकामं असलं की जिभेला लगाम नसे.

ताईंनी पाहिलं तर लेबलं छापणारा प्रोग्रॅमच संगणकावरून गायब.

“काल अपडेट कुणी केलं?”

“मी,” व्यवस्थापक म्हणाले. “दर वेळी एक पॅकेज अडवून ठेवलंय, असं दिसत होतं. पेंडिंग किती दिवस ठेवायचं? सोडवून टाकलं.”

ताईंनी कपाळाला हात लावला. ते पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक गठ्ठा, अपडेट होऊ नये म्हणून त्यांनीच अडवलं होतं. लेबलांच्या प्रोग्रॅमला त्याची जुनीच आवृत्ती लागे. नवीशी त्याचं मुळीच पटत नसे. अडसर निघताच नवी आवृत्ती पुढे सरसावली आणि पॅकेज मॅनेजरनं, म्हणजे प्रोग्रॅम बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमनं, रीतसर विचारलं, मग लेबलांचा प्रोग्रॅम काढून टाकू का? व्यवस्थापकांनी ‘हो’ दाबलं. प्रश्न वाचत बसायचा त्यांना कंटाळा.

इंटरनेटवरून पूर्वी उतरवून घेतलेल्या जुन्या फाइली संगणकात पडून असतात, एवढाच आधार होता. पण त्या पुसून डिस्कवरची जागा मोकळी करू का, यालाही व्यवस्थापक ‘हो’ म्हणून बसले होते.

“सूनबाई,” दारातून आवाज आला, “मला चक्कर आली तर ती तुमच्या यंत्रात मोजता येते का?”

“पाच मिनिटं, आई.”

“मघाशीही पाचच होती.”

ताई नोंदणीच्या खिडकीकडे धावल्या. तिथला संगणक या संगणकाचा जुळा भाऊ. व्यवस्थापकांना त्याचा पासवर्ड आठवत नसल्यामुळे तो सुखरूप राहिला होता. पॅकेजची आणि प्रोग्रॅमची, दोन्ही जुन्या फाइली तिथे सापडल्या. ताईंनी त्या पेनड्राइव्हवर आणल्या, नवी आवृत्ती काढली, जुनी बसवली, तिच्यावर प्रोग्रॅम चढवला आणि पॅकेज पुन्हा अडवून टाकलं. यंत्र खरखरलं. पहिलं लेबल सासूबाईंचं निघालं.

“काय झालं होतं?” दंड पुढे करत त्यांनी विचारलं.

“नवं आलं होतं. काढून जुनं बसवलं.”

“म्हणजे एवढी धावपळ कालच्या जागी यायला?”

ताई आत गेल्या आणि व्यवस्थापकांना अपडेट करायची जी मुभा होती, ती काढून घेतली.

दुपारी व्यवस्थापक पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले, “ताई, ते पेंडिंग परत दिसायला लागलंय.”

“दिसू दे,” ताई म्हणाल्या आणि डबा उघडला.