अर्ध्या ताटावरची मक्याची भाकरी

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आईने दाराला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या कमलकाकूंच्या हातात दिली आणि म्हणाली, "आमचा विनोद आला तर त्याला दारात उभा ठेवू नका. जेवू घाला, अन् आम्ही मुलुंडला आहोत म्हणून सांगा." अप्पा तोवर एस.टी.च्या थांब्याकडे चालूही लागले होते.

विनोद माझा मोठा भाऊ. आमच्या कितीतरी आधी तोच घरातून गेला होता. कन्नडजवळच्या आमच्या गावात मका कोवळा असायचा त्या दिवसांत आई कणसं किसायची, लसूण-मिरचीवर परतून सारण करायची आणि मक्याच्या पिठाच्या दोन पातळ भाकऱ्यांमध्ये ते भरायची. तो गेला त्या दुपारी तीच दादाच्या ताटात होती. तो बारावीला दुसऱ्यांदा नापास झाला होता. अप्पा म्हणाले, "खायला तेवढा बरोबर वेळेवर येतो." दादा ताटावरून उठला, हात धुतला, चपला घातल्या. आम्हाला वाटलं, संध्याकाळपर्यंत येईल.

पोलिसांत कळवलं, नातेवाइकांकडे शोधलं. काहीच कळलं नाही. पुढे मला मुंबईत बँकेत नोकरी लागली आणि मी दोघांना घेऊन आले. आई नाइलाजानेच आली.

मुलुंडला आईला लिफ्टची भीती वाटायची. सोसायटीतल्या बायकांचं अर्धं हिंदी, अर्धं मराठी तिच्या डोक्यावरून जायचं. पण भाजीवाल्याकडे कणसं दिसली की तिचे पाय थांबायचे. "हा मका आहे का साखर गं?" म्हणायची. स्वीट कॉर्न तिला कधी पटला नाही, तरी घ्यायची. भाकरी थापताना बेल वाजली की तिचा हात परातीतच थांबायचा. कुरियरवाला असायचा, नाहीतर इस्त्रीवाला. अप्पा वास आला की खाली जाऊन बाकावर बसायचे. त्यांनी ती भाकरी पुन्हा तोंडाला लावली नाही. घरात दादाचं नावही निघत नसे, पण बेल, अनोळखी नंबर, जिन्यातली पावलं, सगळ्यांत तो होता.

एकदा स्टेशनबाहेर मी एका माणसाच्या मागे बरीच लांब चालत गेले. तशीच मान, तसेच तिरके खांदे. त्याने वळून पाहिलं. विशीतला कुणी मुलगा होता. दादा आता चाळिशी ओलांडलेला असेल, केस पिकले असतील. तो खरोखर समोरून गेला तर मी त्याला ओळखणार नाही.

मागच्या वर्षी आई गेली. परवा अप्पा स्वतःच कणसं घेऊन आले. "तुझी आई कसं करायची, दाखव." मी गरम पाण्यात पीठ भिजवलं. त्यांच्या हातांना कंप आहे. भाकरी कडेने फुटत होती, ते ओल्या बोटांनी ती सांधत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी त्याचं ताट मीच उचललं. अर्धी भाकरी राहिली होती. मी खाल्ली ती. म्हटलं, टाकायची कशाला? आला की तुझी आई दुसरी गरम करून देईल त्याला."

मी गॅस बारीक केला.

मग म्हणाले, "विनोदला लसूण जास्त लागायचा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नाव घेतलं. ते भाकरी खात गेले आणि बोलत गेले: तो विहिरीत उडी कशी मारायचा, झोपेत काय बडबडायचा. दुपार अशीच गेली. बऱ्याच गोष्टी मला माहीतच नव्हत्या.

गावी राहिलेले फोनवर विचारतात, "करमतं का गं तिकडं?" करमतं. बिल्डिंग चांगली आहे, बाजार जवळ आहे. पण आमचा विनोद होता, हे इथे फक्त दोघांना माहीत आहे. त्यातले एक अप्पा, आणि ते आता थकलेत. ते समोर बसून त्याच्याबद्दल बोलतात तोवर हे घर आहे. पुढे मी इथे नुसती राहत असेन.