हबीबाच्या रक्तातलं औषध

हफसा काल्हेरच्या एका प्रयोगशाळेत बारा वर्षं रक्तातलं औषध मोजत होती. गाळलेलं रक्त मशीनच्या बारीक नळीत सोडायचं. आत एकेक घटक सुटा होतो, आणि हवं ते औषध टोकाच्या इलेक्ट्रोडला लागलं की विजेचा प्रवाह बदलून पडद्यावर उंचवटा उठतो. जेवढा उंचवटा, तेवढं औषध.

गेल्या वर्षी तिच्या आईला, हबीबाला, लघवीचा संसर्ग झाला आणि तो रक्तात भिनला. निजामपुऱ्यातल्या घराजवळच दाखल केलं. डॉक्टरांनी अमिकासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं लिहून दिली. दवाखान्यातला साठा संपला होता, म्हणून हफसाचा धाकटा भाऊ खालिद लूमवरची शिफ्ट अर्धी टाकून धावला आणि बाहेरच्या दुकानातून डबा घेऊन आला.

तीन दिवस झाले तरी ताप हटेना. आईची किडनी नाजूक. औषध अंगात साचत तर नाही ना, हे बघायला डॉक्टरांनी रक्त हफसाकडेच पाठवलं.

रेघ सपाट आली. इलेक्ट्रोड बिघडला असेल म्हणून तिनं ठरलेल्या मापाचं औषध सोडून पाहिलं. उंचवटा झकास उठला. आईचं रक्त पुन्हा सोडलं. पुन्हा सपाट.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. "अम्मीच्या रक्तात औषधच नाही."

"असं कसं? डोस तर वेळेवर दिलेत."

"मग बाटलीतच नसेल."

उरलेल्या बाटल्या तपासल्या. आत नुसतं मिठाचं पाणी. खरं औषध त्याच दुपारी सुरू झालं, पण वेळ निघून गेली होती. दोन दिवसांनी हबीबा गेली.

औषध निरीक्षकांकडे तक्रार करायची तर डबा कुठून आणला, हा जबाब खालिदनंच द्यायला हवा होता. म्हणजे बाटल्यांत पाणी होतं, हे त्याला सांगणं आलं. आठ दिवस हफसाची जीभ रेटेना. शेवटी एका सकाळी त्याच्यापुढं चहा ठेवून तिनं सगळं सांगितलं.

खालिदनं कपाला हात लावला नाही. "म्हणजे आपा, मीच आणून दिलं..."

"तू औषध आणायला गेलेलास रे. पाणी विकणारा दुसरा."

"पण आणलं मीच ना?"

हफसानं त्याचा गार झालेला चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

त्यानं जबाब दिला, दुकानाला सील लागलं. आता जुम्म्याला तो कब्रस्तानात एकटाच जातो. परत आला की जेवत नाही. हफसा ताट झाकून ठेवते.