धोंड्याचं जेवण

आमच्या घराच्या मागच्या गल्लीत व्यसनमुक्ती केंद्र आलं, तेव्हा कॉलनीतल्या लोकांनी आधी नाकं मुरडली, मग नगरसेवकाकडं जाऊन आले, आणि शेवटी सवय झाली. एका रिटायर इंजिनिअरचा दुमजली बंगला भाड्यानं घेतला होता. गेटला आतून कुलूप, गच्चीला जाळी. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती गच्ची सरळ दिसायची. सकाळी मी डबे भरत असताना तिकडं माणसं ओळीनं बसलेली असायची. एकेक जण उभा राहायचा, स्वतःचं नाव सांगायचा आणि म्हणायचा, ‘मी बेवडा आहे.’ बाकीचे टाळ्या वाजवायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढं त्या ओळीत दाजी बसले आणि मी खिडकी लावून घ्यायला लागले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लातूरला बँकेत होते. मला कधी नावानं हाक मारली नाही, ‘मेव्हणीबाई’ म्हणायचे, आणि माझ्या चहाला नावं ठेवत दोन कप प्यायचे. माणूस गोड. दारू चढली तरी गोडच असायचा, म्हणून तर कुणी वेळेवर रागावलं नाही. बँकेत तोल जाऊन पडले, बिनपगारी रजा टाकावी लागली, तेव्हा कुठं ताई हलली. लातुरात ठेवलं तर चार लोकांना कळेल म्हणून नांदेडला, माझ्या नजरेसमोर ठेवायचं ठरलं. तीन महिन्यांचा कोर्स. तो पूर्ण झाला तरच बँकेचे साहेब परत रुजू करून घेणार होते. ताई म्हणाली, ‘हा माझा शेवटचा प्रयत्न आहे. यातून ते उठले नाहीत तर उठणार नाहीत.’

आणि आईला काय सांगायचं? तर दाजी बँकेच्या ट्रेनिंगला नांदेडला गेलेत. हे स्थळ आईनंच आणलेलं, तिला हे सहन होणार नाही, असं ताईचं म्हणणं. मी म्हटलं, कधीतरी कळणारच आहे. ताई म्हणाली, ‘तुला जपणं म्हणजे काय ते समजत नाही.’ आमच्या घरात खोटं बोलण्याला जपणं म्हणतात, हे मला खरंच उशिरा समजलं.

सगळं बरं चाललं होतं. दाजी पोळ्या लाटायला शिकले. रविवारी भेटायला गेलं की चेहरा उजळलेला दिसायचा, हात थरथरायचे थांबले होते. आणि मग धोंड्याचा महिना लागला.

अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, लक्ष्मी-नारायण म्हणून त्यांची पूजा करायची, पुरणाचे धोंडे करून वाढायचे. तीन वर्षांतून एकदा येणारी गोष्ट. मागचा धोंडा करोनात वाया गेला होता आणि आईनं ते मनाला लावून घेतलं होतं. या वेळी आम्ही दोघं नवरा-बायको महिना लागताच अहमदपूरला धोंडे खाऊन आलो होतो, राहिले होते ते ताई-दाजी. तिचा अहमदपुराहून फोन आला, ‘जावयाला सुट्टी मिळत न्हाई तर न्हाई. आम्ही येतो नांदेडला. एक दुपार तर सोडतील का न्हाई तुमचे ट्रेनिंगवाले?’ मी ताईला म्हटलं, आता तरी सांग. तिनं हातच जोडले.

ताई लातूरहून आली आणि आम्ही दोघी केंद्राच्या सरांकडं गेलो. ते हदगावकडचे. स्वतः आधी दारूतून उठलेले आणि मग हे केंद्र चालवायला घेतलेलं. त्यांनी सरळ मान हलवली. ‘न्हाई हो ताई. कोर्स अर्धा झालाय. लग्न म्हणा, तेरवी म्हणा, सण म्हणा, अर्ध्यात बाहेर गेलेला माणूस परत येत न्हाई. मी लई बघितलेत.’ ताई रडली. बरंच रडली. शेवटी ते म्हणाले, ‘दिवस मावळायच्या आत गेटवर पाहिजेत. तुमच्या जिम्मेदारीवर.’

आई-बाबा सकाळच्या बसनं आले. आईच्या मांडीवर अनारशांचा डबा होता, अहमदपूरपासून तिनं तो खाली ठेवला नव्हता. दाजी आले तेव्हा अंगावर धुतलेला पण चुरगळलेला शर्ट. पाटावर बसवलं, शेजारी ताई. बाबा पाणी ओतत होते आणि आई परातीत दाजींचे पाय धूत होती. दाजींचे डोळे खाली. आईनं हळदकुंकू लावलं, ओवाळलं, पायावर डोकं टेकवलं. हातात अक्षता देताना तिनं त्यांचे तळहात पाहिले. केंद्रातली भांडी घासून घासून कातडी फाटली होती.

‘हे काय झालं हाताला?’

‘हॉस्टेलात आपले कपडे आपणच धुवावे लागतात, आई.’

‘बँकेचे लोक असं काम करून घेऊन राहिले का तुमच्याकडून?’ असं म्हणत तिनं वाटीतलं तूप घेतलं आणि त्यांच्या तळहाताला चोळलं. मी वाढायच्या निमित्तानं आत पळाले.

जेवणं झाली, नवे कपडे झाले, दिवा दिला. दाजींनी नवा शर्ट घातला तेव्हा माझ्या लग्नाच्या वरातीतले दाजी आठवले मला. आता हळूच उठवून गेटपर्यंत नेऊन सोडायचं, एवढंच बाकी होतं. पण आई डबा बांधत म्हणाली, ‘आता दोघं मिळून लातूरला जा. हा दिवा घरच्या देवापुढं लावायचा असतो, दोघांनी. पूजा झाल्यावर वेगवेगळ्या वाटेनं जायचं नसतं. लई अशुभ असतंय.’

ताई म्हणाली, ‘अगं, पण यांचं ट्रेनिंग...’

‘एका रात्रीनं काय बुडत न्हाई.’

दाजींनी माझ्याकडं पाहिलं, मग ताईकडं. म्हणाले, ‘आईंचं बरोबर आहे. उद्या सकाळी परत येतो की.’

मी ताईला स्वयंपाकघरात ओढलं. ‘बोल ना! आत्ता बोल!’ ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, ‘आईसमोर काय बोलू? ज्यांचे पाय धुतले त्यांना कुठं धाडतेय म्हणून सांगू?’ त्या क्षणी मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. बाहेर आई दाजींच्या पिशवीत अनारसे कोंबत होती, आणि इतकी खूश मी तिला किती दिवसांनी पाहत होते. मग मीही गप्प बसले. दोघांना बसस्टँडवर सोडून आले.

दुसऱ्या दिवशी दाजी आले नाहीत. परवा येतो म्हणाले. सरांनी आठवडाभर जागा ठेवली, रोज सकाळी मला विचारायचे. मग एक दिवस दाजींची सतरंजी, तांब्या आणि चपला मीच गेटवरून घेऊन आले. संतापून फोन केला. दाजी शांतपणे म्हणाले, ‘मेव्हणीबाई, सकाळी उठून बेवडा म्हणायचं, आणि दुपारी नारायण होऊन पाटावर बसायचं. आता परत जाऊन तिथं उभं राहायला तोंड उरलं नाही हो.’ पोळा यायच्या आत त्यांनी पुन्हा सुरू केली होती. बँकेनं काढून टाकलं. थंडी पडली तेव्हा कावीळ झाली, पोटात पाणी झालं, आणि लातूरच्या दवाखान्यात ते गेले. शेवटच्या दिवसांत माझा चहा मागायचे. मी थर्मासमधून नेला, पण घोट उतरत नव्हता.

तेरवीनंतर पाहुणे पांगले. ताईच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघीच उरलो होतो. आई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, ‘चांगला होता गं माणूस. त्या नांदेडच्या ट्रेनिंगात कुणीतरी दारूचा नाद लावला. तिथं गेला नसता तर वाचला असता.’

मला ऐकवेना. ज्या एका जागेनं माणूस उभा केला होता, तिच्यावरच हे बालंट. मी सगळं सांगून टाकलं. बंगला, गच्ची, कोर्स, दिवस मावळायच्या आत परत यायचं होतं ते. ताई ‘गप, गप’ म्हणत राहिली. मी थांबले नाही.

आईचे हात सुपात तसेच राहिले. तिनं ताईला विचारलं, ‘मला कामून सांगितलं न्हाई?’

‘तुला सहन झालं नसतं, आई.’

‘मला?’ आई म्हणाली. ‘अगं, माझा बाप त्यातच गेला. तुमच्या बाबांनासुद्धा मी आजवर सांगितलं न्हाई, हार्टनं गेला म्हणून सांगत आले. पिऊन आला की पाटावर बसायला लाजायचा तो. बाहेर गोठ्यापाशीच बसायचा. माझी आई ताट घेऊन तिथं जायची आणि शेणातच शेजारी बसून भरवायची.’

ताईनं तोंडावर पदर घेतला. आई सूप बाजूला सारत म्हणाली, ‘मी आले असते की गं त्या बंगल्यात, ताट घेऊन.’