वडिलांची मुलाखत मैत्रिणीनं घेतली

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या मॅडमनी सांगून टाकलं, की पुस्तकातून उतरवलेला प्रकल्प चालणार नाही. बाहेर पडायचं, माणसांशी बोलायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि मग लिहायचं. पोरांनी लगेच किल्ले वाटून घेतले. मॅडम म्हणाल्या, “किल्ल्यांवर पुष्कळ लिहून झालंय. तुमच्या घरात कोण काय करतं ते सांगा.”

माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, “वडील गलाईला असतात.”

मॅडम रहिमतपूरच्या. “गलाई म्हणजे नक्की काय?” त्यांनी विचारलं, तसं कडेगाव भागातल्या पोरांना हसू आलं. आमच्याकडं हे कुणाला सांगावं लागत नाही. जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचा हा धंदा. त्यासाठी आमच्या गावांतली माणसं देशभर पांगलीत. वडील तमिळनाडूतल्या एका शहरात होते. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला तेवढे यायचे.

“हाच विषय घे,” मॅडम म्हणाल्या.

गावात परत आलेल्या तीन म्हाताऱ्या गलाईवाल्यांच्या मुलाखती सहज झाल्या. वडिलांची राहिली. आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं असायचं. जेवलीस का, अभ्यास चाललाय का, आईला दे. एकदा प्रश्न समोर ठेवून मी फोन लावला. “काय गं, काय झालं?” त्यांनी घाबरून विचारलं. “काही नाही, सहज,” म्हणून मी ठेवून दिला.

प्रकल्पात माझ्या जोडीला वडूजकडची एक मुलगी होती. हॉस्टेलवर राहायची. तिचे वडील दर वर्षी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. ती म्हणाली, “मला बी माझ्या बाला इचारता येत न्हाई. तू माझ्या बाला इचार, मी तुझ्या पप्पांना इचारते.” मॅडमना ते पटलं. फक्त रेकॉर्डिंग चालू आहे आणि शेजारी कोण बसलंय, हे आधी सांगायचं, असं त्यांनी बजावलं.

एका रविवारी हॉस्टेलच्या व्हरांड्यात बसून तिनं फोन लावला. “काका, तुमची पोरगी शेजारीच हाय. फोन स्पीकरवर हाय, रेकॉर्ड बी व्हतंय. चालंल न्हवं?”

 पलीकडून आवाज आला, “बसू दे की. इचार बाळा.”

दहावी न होताच ते लांबच्या एका मामाबरोबर गेले होते. भाषा येत नव्हती, हॉटेलात बोट दाखवून जेवण मागायचे. दुकानातच झोपायचं. सोनं शुद्ध करायच्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या धुरानं खोकला लागायचा, तो घरी कधी कळवला नाही. एवढं मला अर्धवट तरी ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. “अठरा झाल्यावर साताऱ्याला मिल्ट्रीच्या भरतीला आलो हुतो. छातीत कमी पडलो. घरी न जाता तशीच परतीची गाडी धरली.”

“सगळ्यात अवघड काय गेलं, काका?”

मला वाटलं, भट्टी म्हणतील.

“गावाकडं येणं,” ते म्हणाले. “पिशवी खाली ठेवायच्या आधी लोक इचारत्यात, परत कवा जाणार?”

 आमच्या घरातही परतीच्या तिकिटाचा विषय पहिल्या चहालाच निघायचा.

मग वडीलच तिला विचारू लागले. तुझा बा कुठं असतो, किती मेंढरं, कोकणात चारा कसा मिळतो. त्यांच्या लहानपणी आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे म्हणे. दोघं बराच वेळ बोलत राहिली. तिच्या बाला मी पुढच्या रविवारी असंच फोनवर विचारलं, ते अहवालाच्या दुसऱ्या भागात गेलं.

लिहून काढताना एकेक वाक्य मागं-पुढं करत मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. वडिलांचं एवढं सलग बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं.

सांगलीला एका कॉलेजात विद्यार्थ्यांनी प्रकल्प मांडायचे होते. परीक्षक सर म्हणाले, “ही तर वडिलांची आठवण झाली. इतिहास कुठाय यात?”  मैत्रीण म्हणाली, “सर, चारही गलाईवाल्यांना तेच प्रश्न विचारलेत. जिथं चौघांचं जुळलं ते तसं नोंदवलंय. एक आजोबा म्हणतात धुराचा त्रास नव्हता, बाकीचे म्हणतात होता. तेही दोन्ही लिहिलंय.” सरांनी ते पान काढून वाचलं. बक्षीस आलं नाही. स्टँडवर मॅडमनी भडंग घेऊन दिलं, ते खात आम्ही परतलो.

जत्रेला वडील आले तेव्हा अहवाल त्यांच्या हातात दिला. अंगणात खाटेवर बसून त्यांनी सगळा वाचला. “भरतीचं काढ,” म्हणाले. “तुझ्या आजीला अजून म्हाईत न्हाई.”

मी बरं म्हटलं. सांगणारा नको म्हणाला तर मॅडमनीही काढायलाच सांगितलं असतं. पण संध्याकाळी ते आपणहून आजीजवळ जाऊन बसले आणि सांगून मोकळे झाले. आजी शेंगा फोडत होती. “मला तवाच कळलं हुतं,” ती म्हणाली. “तुझ्यासंगं भरतीला गेल्याली पोरं आली न्हवं का माघारी.”

“मग बोलली न्हाईस ती?”

“तू बोलला न्हाईस.”

वडील बाहेर आले आणि भरतीचं ऱ्हाऊ दे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला गाडीवर मागं बसवून शेजारच्या गावात घेऊन गेले. ज्या मामानं त्यांना नेलं होतं, तो आता तिथं असतो. “हिला समदं सांग,” त्याला म्हणाले, आणि मी फोन काढेपर्यंत पहिला प्रश्न त्यांनीच विचारून टाकला.