रेतीत रोवलेल्या काड्या

बंगल्यावरून पाहुणा गेला का त्याची खोली पाहा, मंग ठरवा त्याले माणूस म्हणाचं का नाई. मी बावीस वर्षं खानसामा होतो. पडद्याले हात पुसलेले, बेसिनमंधी कोंबडीची हाडं, खिडकीखाली फुटक्या बाटल्या, अन् अभिप्रायाच्या वहीत लिहून ठेवलेलं, 'निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रसन्न झाले.' निसर्गाचं काय झालं ते कोणी लिहत नसे. मले या लोकाईची शिसारी आहे अन् ते मी लपवत नाई. पण सुकलूची गोष्ट सांगाची म्हणजे मले माहीबी शिसारी येते, म्हणून इतके वर्षं टाळत आलो.

मी बाबूभाई, मूळचा राजुऱ्याचा. हा सरकारी बंगला पोंभुर्ण्याच्या अंगाले, वैनगंगेच्या काठावर. गोष्ट पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यातली. तेव्हा शहरातली लोकं वाघ पाहाले मोहर्लीच्या जंगलात जात. वाघ काई त्याईचा नोकर नव्हता, तो दिसे नाई. मंग उरलेल्या दिवसाचं काय कराचं म्हणून फुगलेले तोंडं घेऊन आमच्याकडे येत अन् मले विचारत, "इथे बघण्यासारखं काय आहे?" मी सांगे, नदी आहे, अर्जुनाच्या झाडाले वटवाघळं लटकून राह्यले, अन् नदीच्या मधात रेतीचा टापू आहे, त्यावर पाखरं आहे. टापू म्हटलं का सारे उठून बसत. टापूवर न्याचं काम सुकलूचं.

सुकलू धिवर. पन्नाशीचा, बुटका, पायाची बोटं फाकलेली. दिवसातून दहा शब्द बोलत असन, त्यातले सहा बायकोले 'हाव' म्हणाचे. रोज सकाळी पळसाच्या पानात मासोळ्या गुंडाळून माह्या सैपाकघराच्या मागच्या दारी ये, उंबरठ्यावर बसे, बशीत चहा ओतून पिये अन् जाये. बारा वर्षं असं चाललं. आम्ही दोघं काई फार बोललो नाई, पण तो ज्या दिवशी आला नाई त्या दिवशी मले चहा गोड लागे नाई.

टापूच्या एका टोकाले त्याची अन् त्याच्या बायकोची, रुखमाबाईची, डांगरवाडी होती. नदी आटली का रेतीत खड्डे करून, शेणखत टाकून टरबूज-खरबूज लावाचे. बी टाकलं का खड्ड्यावर काई दिसत नाई, वरून सारी रेतीच. म्हणून प्रत्येक खड्ड्यापाशी एक काडी रोवाची. आमच्या काठावर लहान लेकरालेबी माहीत आहे, काडी रोवली म्हणजे ते कोणाचं तरी आहे, तिथी पाय द्याचा नाई अन् हातबी लावाचा नाई. टरबुजं चोरणारे चोरबी कोवळ्या वेलाची काडी मोडत नाई. ना कागद, ना कुंपण, ना कुत्रा. एक काडी, बस.

टापूचं दुसरं टोक सुकलूनं पाखराईले सोडलं होतं. काळ्या डोक्याची, पिवळ्या चोचीची, चपळ पाखरं. फागुन लागला का येत अन् उघड्या रेतीवर अंडी घालत. घरटं नाई, काडीकचरा नाई, नुसता वाटीएवढा खळगा. अंडी रेतीच्याच रंगाची, पायापाशी असली तरी दिसे नाई. रुखमाबाई कटकट करे का अर्धी रेती पाखराईले दान केली, राजा लागून गेला मोठा. पण कोल्हं वाडीत शिरलं का हीच पाखरं असा कल्ला करत का सुकलू काठावरून उठून डोंगा घेऊन जाये. ते याची वाडी राखत, हा त्याईची अंडी राखे.

दोन वर्षं मात्र वाईट गेले. एका साली अवकाळी पाण्यानं टापू धुतला. दुसऱ्या साली पिल्लं निघाच्या टायमाले कुत्रे पोहून गेले. तिसऱ्या साली पाखरं आली ती मोजकी. त्या दिवशी सुकलूनं माह्यापाशी दहाचे वीस शब्द केले. "बाबूभाई, या खेपेले पिल्लं नाई निघाले तं हे पाखरं टापू सोडते. माह्या बापानं पाह्यलं आहे. एकदा सोडलं का मंग येत नाई."

अन् त्यात मी पाहुणे पाठवून राह्यलो होतो. पाहुण्याईचे पाय कसे, तुम्हाले सांगतो. म्हशीले चिखल दिसला का म्हैस कडेकडेनं तरी चालते, हे लोकं सरळ मधातून. एका बाईच्या सॅन्डलीखाली दोन अंडी गेली. बाई म्हणाली, "शी, काय घाण चिकटलं." सॅन्डल रेतीवर घासली अन् पुढं गेली. सुकलू ते पाहून राह्यला होता. दुसऱ्या दिवशी तो टापूवर गेला अन् एकेका खळग्यापाशी एकेक काडी रोवून आला. अकरा काड्या. त्याचं डोस्कं सरळ होतं. काडी दिसली का माणूस बाजूनं जाईन. माणसाले काडी समजते, हे तो जन्मभर पाहत आला होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणते ते हेच. पण त्यात अर्धा हात माहा होता.

एप्रिलच्या पहिल्या हप्त्यात नागपूरचा एक ठेकेदार आला, संगं त्याची बाई अन् मेव्हणा. मेव्हण्याच्या डोक्यावर शिकाऱ्यासारखी टोपी, गळ्यात दुर्बीण. दोन दिवस मोहर्लीले धूळ खाऊन आले होते. वाघ दिसला नाई म्हणून ठेकेदार माह्यावर चिडला, जसं का मीच वाघाले सुटी देल्ली. त्याईले काईतरी मोठं सांगावं म्हणून मी फुशारकी मारली. "साहेब, टापूवर जा. अंडी सहसा कोणाले दिसत नाई, पण आमच्या माणसानं खुणा केल्या आहे. काडी दिसली का समजाचं, खाली अंडी आहे. जरा जपून चाला म्हणजे झालं."

'जपून चाला' हे त्याईनं ऐकलं का नाई, अल्ला जाणे. पहिलं मात्र बरोबर ऐकलं.

पुढचं मले रुखमाबाईनं सांगितलं, ती तेव्हा वाडीत होती. सुकलूनं त्याईले टापूवर उतरवलं, ओल्या कडेकडेनं कसं चालाचं ते दाखवलं. काड्या दाखवल्या अन् नुसता हात जोडून उभा राह्यला, त्याच्या हिशेबानं तेवढं पुरे होतं. उन्हात आलेल्या पाहुण्याले कोरडं कसं धाडाचं, म्हणून तो वाडीच्या टोकाले गेला. टिचक्या मारून मारून चांगलं पिकलेलं टरबूज शोधलं. तितक्यात पाखरं वरडाले लागली. त्यानं वळून पाह्यलं, तीन माणसं खाली वाकली होती. त्याले वाटलं, पाहून राह्यले. पाहालेच तं आले होते.

टरबूज फोडून त्यानं त्याईले खाऊ घातलं. डोंग्यात बसल्यावर मेव्हण्यानं टोपी काढून बाईच्या मांडीवर ठेवली होती, वरून तिचा रुमाल. पाखरं डोंग्यावर झेपा घालून राह्यली. बाई हसून म्हणाली, "किती चिडकी आहेत." सुकलू वल्हवत आला. आपल्या हातानं, आपल्या डोंग्यात, ती अंडी त्यानंच या काठाले आणली.

सैपाकघरात मेव्हण्यानं टोपी माह्यासमोर ठेवली. सव्वीस अंडी होती. तो म्हणाला, "खानसामा, आमलेट. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर असेल तर फारच छान."

मी 'नाई' म्हणू शकत होतो. नोकरी गेली नसती, फार तं शिव्या खाल्ल्या असत्या. पण इतके वर्षं 'जी साहेब' म्हणून म्हणून जीभ तिकडेच वळते. मी पहिलं अंडं वाटीच्या काठावर फोडलं. आत पिल्लू होतं. ओली, चिकटलेली काळी लव, मिटलेले डोळे, अन् नखाएवढी चोच. ते माह्या बोटावर आलं. मले तिथीच ओकारी आली, मी मोरीपाशी धावलो.

आता ऐका, म्हणजे तुम्हालेबी माही शिसारी येईन. ओकून आलो, तोंड धुतलं, अन् मेव्हणा दारात उभा होता तो म्हणाला, "अरे, काही तरी ताजी असतील ना." अन् मी, याच हातानं, पातेल्यात पाणी घेतलं. हा आमच्या धंद्यातला इलम आहे. बुडते ते ताजं, तरंगते ते जुनं. नऊ बुडाली, ती मी फोडली. पिवळाबलक साफ होता. कांदा बारीक चिरला, मिरची टाकली, दोन्हीकडून लाल केलं. कोथिंबीर होती तीबी घातली. माहा हात कुठीच चुकला नाई. व्हरांड्यात ते तिघं खात बसले, ठेकेदार बोटं चाटून राह्यला होता.

मी परत आलो तं मागच्या दारी सुकलू. रातच्या जेवणासाठी त्याईनंच मासोळी सांगितली होती, ती घेऊन आला होता. त्याचं लक्ष पातेल्याकडे गेलं. त्यात सोळा अंडी तरंगत होती. नुसती तरंगत नव्हती, हलत होती. पाण्याले धक्का नाई, वारं नाई, अन् ती आपल्या आपण हलत होती. मले तोवर ते दिसलंच नव्हतं, का मी पाह्यलं नव्हतं, देव जाणे.

सुकलूनं मासोळ्या खाली ठेवल्या. एक अंडं उचललं, धोतराले पुसलं, कानाले लावलं. मंग माह्या कानाले लावलं. आतून बारीक आवाज येत होता.

"बोलून राह्यलं," तो म्हणाला.

मी बोलालेच गेलो का साहेबानं सांगितलं, मी काय करू. तो माह्या हाताकडे पाहून राह्यला होता. हाताले कांद्याचा अन् अंड्याचा वास होता. त्यानं सोळाही अंडी दुपट्ट्यात घेतली अन् नदीकडे गेला. मी मागून गेलो नाई. व्हरांड्यातून ठेकेदार ओरडला, "खानसामा, पाव आहे का?" अन् मी पाव नेऊन देल्ला.

टापूवर काड्या उपटून फेकलेल्या होत्या. गाढवाले गुळाची चव काय. काढलेल्या काडीनं मेव्हण्यानं रेतीवर आपलं नाव लिहून ठेवलं होतं, रुखमाबाईले वाचता येत नाई पण रेघोट्या दिसल्या. कोणतं अंडं कोणत्या खळग्यातलं ते आता सुकलूलेबी ओळखता येईना. त्यानं अंदाजानं ठेवली. पाखरं वरून फिरत राह्यली, दोन-चार उतरली, बसली, उठली. चौथ्या दिवशी आभाळ रिकामं होतं. त्यानंतर सुकलू चार दिवस चहाले आला नाई. पाचव्या दिवशी आला, मासोळ्या ठेवल्या, उंबरठ्यावर बसला. मले शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. त्यानं नेहमीसारखा बशीत चहा ओतला अन् पिऊन गेला.

ठेकेदारानं जाता जाता वहीत लिहिलं होतं, 'अतिशय निसर्गरम्य ठिकाण. बेट अवश्य पाहावे. आमलेट उत्तम.' तो कागद मी फाडला. फाडून काय झालं, माह्या डोळ्यासमोरून अजून जात नाई. त्या दिवसापासून मी घरी अंडं फोडत नाई. माह्या बायकोले, शमसुन्निसाले, फोडा लागते, अन् ती कढईपाशी असली का मी आंगणात जाऊन उभा राहतो.

दुसऱ्या साली पाखरं आली नाई. सुकलूनं पाहुणे नेणंबी सोडलं. कोणी विचारलं तं म्हणे, "तिथी काईच नाई, रेती आहे." मीबी तेच सांगे. लोकं वहीत लिहीत, 'येथे पाहण्यासारखे विशेष काही नाही.' तो शेरा वाचून मले बरं वाटे.

तिसऱ्या साली फागुनात एक दिवस सकाळी मले आवाज ऐकू आला. खालच्या अंगाले, पुढच्या वळणापाशी जो नवीन टापू पडला होता तिकडून. तोच कल्ला. मी सुकलूले म्हटलं, "आली वाटते." तो म्हणाला, "हाव." मी म्हटलं, "मले ने एकदा. मी काई करत नाई, नुसतं पाहतो." त्यानं होकाराची मान हलवली.

डोंग्यात आम्ही दोघंच. टापू जवळ आला तसा मी धोतर वर खोचलं, चपला काढून हातात घेतल्या. समोर त्याची नवीन वाडी दिसत होती, वेल अजून वर आले नव्हते. साऱ्या वाडीत एकबी काडी नव्हती. कुठं खड्डा अन् कुठं रेती ते त्याच्याशिवाय कोणाले समजलं नसतं. रुखमाबाई मंग सांगे का तिचाच पाय कितीदा बियावर पडला, पण तो काडी रोवू देत नाई.

सुकलूनं बांबू रेतीत टेकवून डोंगा थांबवला अन् उतरला. मीबी एक पाय बाहेर टाकला.

"बाबूभाई," तो म्हणाला, "तुम्ही डोंग्यातच बसा."

मी पाय आत घेतला, चपला पुन्हा घातल्या अन् बसलो.