पाचवीच्या सभेतलं रेकॉर्डिंग

भर सभेत मी एका बापाला त्याच्या मोबाइलमधलं रेकॉर्डिंग पुसायला लावलं. ते खरंच पुसलं गेलं की नाही, हे त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. ही माझी चूक. तिच्या आधी आणि नंतर मी आणखी चुका केल्या, पण हिचं ओझं सगळ्यांत जास्त आहे.

मुकुंदवाडीजवळच्या एका शाळेत मी पाचवीला शिकवतो. कितीतरी वर्षं पाचवीत कुणी नापास होत नव्हतं. परीक्षा व्हायच्या, श्रेणी मिळायची, आणि जूनमध्ये सगळा वर्ग उचलून सहावीत जायचा. मग कायदा बदलला, आणि राज्यानं त्यावर नियम काढला. पाचवीची वार्षिक परीक्षा आता उत्तीर्ण व्हावी लागणार होती. जे होणार नाहीत त्यांना शाळेनं सुट्टीत जादा शिकवायचं, मग त्यांची पुनर्परीक्षा घ्यायची. त्यातही जमलं नाही तर मूल पुन्हा पाचवीतच बसेल. शाळेतून मात्र कुणालाही काढता येणार नाही. सगळं मिळून एवढंच होतं. ते पालकांना समजावून सांगायचं काम मुख्याध्यापक बाईंनी माझ्यावर टाकलं. म्हणाल्या, "तुम्ही सावकाश बोलता, लोकांना कळतं."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सभा ठेवली. पालक वर्गात शिरले तेच कपाळाला आठ्या घालून.

"सर, नापास पोरांचं नाव शाळेतून कमी करू राहिले म्हणं?" एका बाईंनी बाकावर बसायच्या आधीच विचारलं.

"नाही ताई. नाव कुणाचंच कमी होत नाही."

"मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय ते?"

"ते खोटं आहे."

"आधी समदे खोटंच म्हणतेत," नातवासाठी आलेले एक आजोबा खिडकीपाशी पुटपुटले, "आन् मग व्हतंच ते."

वर्ग हसला. पहिल्या बाकावर एक किराणा दुकानदार बसले होते. ते हात वर करून उभे राहिले. "राग नका मानू मास्तर, पण विचारतो. क्लासवाल्यांचं आन् तुमचं काही सेटिंग तं नाय ना? आधी पोरं नापास करायची, मग सुट्टीत जादा तास काढायचे."

"जादा तास फुकट आहेत."

"फुकट?" त्यांनी मागं वळून सगळ्यांकडं पाहिलं. "मग तं पक्कंच काहीतरी हाय."

या वेळी मीही हसलो, पण मनातून नाही. मी पालकांवर चिडलो होतो, आणि त्यांना घाबरलोही होतो. थोड्याच दिवसांपूर्वी दुसऱ्या एका शाळेतल्या शिक्षकाचा व्हिडिओ शहरभर फिरला होता. तो काय बोलला होता कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्यातलं अर्धंच वाक्य कापून ठेवलं होतं. बिचारा कितीतरी दिवस खुलासे देत फिरत होता. तेव्हापासून आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकच सल्ला चालायचा: सभेत कमी बोला, आणि जे बोलाल ते असं बोला की त्यातून कुणाला काही काढता येऊ नये. सावकाश बोलतो म्हणून मला निवडलं होतं, आणि मी 'आवश्यकतेनुसार', 'वरिष्ठांच्या सूचनेप्रमाणे', 'यथावकाश कळवण्यात येईल' असल्या शब्दांच्या आडून बोलत होतो. रिक्षा चालवणाऱ्या एका वडिलांना शेवटी राहवलं नाही. "सर, सीधा बोलो ना. बच्चा पास या नापास?" मी त्यांनाही वळसा घालूनच उत्तर दिलं.

तेवढ्यात मला शेवटच्या बाकावरचा माणूस दिसला. गारखेड्यात फर्निचरच्या कामावर पॉलिश करणारा हा माणूस मला फक्त चेहऱ्यानं माहीत होता. त्याची मुलगी माझ्याच वर्गात होती. गणितात अडखळायची, पण कविता खणखणीत म्हणायची. सभा सुरू झाल्यापासून त्यानं एकही प्रश्न विचारला नव्हता. मोबाइल छातीशी उभा धरून तो माझ्याकडं एकटक बघत होता. बाकीचे बोलत होते आणि हा गप्प होता. त्या गप्प असण्याचाच मला संशय आला.

"मागं काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाय सर. जरा रेकॉर्ड करू राहिलो."

"कशासाठी?"

"घरी ऐकवायला."

"घरी कुणाला? आणि घरून पुढं कुठं जाणार?"

तो काहीतरी बोलायला गेला, पण दुकानदार मध्येच ओरडले, "अरे, पत्रकार झाला का काय तू?" पुन्हा हशा पिकला. त्या हशानं मला जोर आला. मी बाकांमधून मागं गेलो. "पुसा ते. माझ्यासमोर." त्यानं पुसलं. पॉलिशनं काळपट झालेली बोटं काचेवर नीट उमटत नव्हती, त्याला दोनदा दाबावं लागलं. मी म्हणालो, "पुसलेलं जिथं साठतं, तिथूनही काढा." त्यानं तिथूनही काढलं. मोबाइल खिशात घातला आणि उठून गेला.

तो गेल्यावर मला मोकळं वाटलं, हे इथं लिहायलाच हवं. त्यानंतर मी चांगलं बोललो. जादा तास कधी, पुनर्परीक्षा का चुकवायची नाही, मुलाला सुट्टीत गावाला पाठवलं तरी कधीपर्यंत परत आणायचं, हे सगळं मी सरळ शब्दांत सांगितलं. ज्याला ते ऐकायचं होतं, तो तोवर रस्त्याला लागला होता.

त्याच संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तो बाहेर पडला. ग्रुपवर तशी ओळ आली आणि मी ती वाचली. मनात म्हटलं, बघा, चोराच्या मनात होतंच काहीतरी.

वार्षिक परीक्षेत त्याची मुलगी गणितात नापास झाली. निकाल न्यायला शेजारच्या बाई आल्या. जादा तास सुरू करायच्या आधी मी त्याला फोन केला.

"मुलीला सुट्टीत शाळेत पाठवा. मीच शिकवणार आहे."

पलीकडं पॉलिशच्या यंत्राचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "तुम्हीच नापास करणार आन् तुम्हीच शिकवणार. नको सर. आमाला नको तुमची शिकवणी." फोन बंद झाला.

माझा अपमान झाला, असं मला वाटलं. वास्तविक मला दिसायला हवं होतं की दुकानदारांनी सभेत उघडपणे विचारलेलाच संशय हा माणूस बोलून दाखवत होता. दुकानदारांना मी हसून उत्तर दिलं होतं. याला मी उत्तर दिलं नाही. बोललो असतो, तर दोन मिनिटांत गाठ सुटली असती. मी पुन्हा फोन केला नाही.

मे महिनाभर मी चार-पाच मुलांना शिकवलं. अपूर्णांक शिकवताना रोज त्या मुलीची आठवण यायची, आणि रोज मी स्वतःला सांगायचो की आपण फोन केला होता. पुनर्परीक्षेची तारीख ठरली तेव्हा ती मी ग्रुपवर टाकली. तो ग्रुपमध्ये नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी टाकली आणि 'सर्व पालकांना कळवले' असं बाईंना सांगून टाकलं.

परीक्षा दोन दिवसांवर आली तेव्हा बाईंनी मुलांची नावं एकेक करून विचारली. तिच्या नावाशी त्या थांबल्या. "हिच्या घरी कुणी सांगितलं?"

"ग्रुपवर टाकलंय."

"सर, तो ग्रुप मीही बघते. तिचे वडील केव्हाच बाहेर पडलेत." त्यांचा आवाज चढला नाही. "आजच्या आज जा."

मी गेलो. त्यांच्या गल्लीत त्या दिवशी पाणी आलं होतं. दारोदार मोटारी घरघरत होत्या आणि पाइप रस्त्यावर पसरले होते. दारातल्या ड्रममध्ये पाइप धरून एक बाई उभ्या होत्या, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीच्या गणवेशातच. मुलीची आई. मी नाव सांगितल्यावर त्यांनी पाइप सोडला नाही, या-बसाही म्हणाल्या नाहीत.

"बोला."

"परवा तुमच्या मुलीची पुनर्परीक्षा आहे."

"कसली?"

मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, पण त्यांच्या डोळ्यांतला अविश्वास काही कमी होईना. "म्हंजे अजून पास व्हता येतंय? मग आधी कामून नाय सांगितलं? लोकं म्हणले, एकदा नापास म्हंजे वर्ष गेलं. आमी तिला करमाडला मामाकडं धाडून दिलं."

"सभेत सांगितलं होतं."

हे वाक्य तोंडातून गेलं, आणि ते किती खोटं आहे हे मला त्याच क्षणी कळलं. त्यांनी पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला.

"सभेला मला यायचं व्हतं. सुट्टी नाय दिली कंपनीनं. ह्यांना म्हणलं, रेकॉर्ड करून आणा. ह्यांना ऐकलेलं नीट सांगता येत नाय, अर्धं वाटेतच विसरतेत. मी रात्री ऐकते, मग ठरवू काय करायचं. तर हे आले हात हलवीत. जेवले नाय त्या दिवशी. काय झालं इचारलं, तर म्हणले, मास्तरानं चोर ठरवलं."

तो आतल्या खोलीत होता. मला त्याची सावली दिसत होती. तो बाहेर आला नाही.

मी म्हणालो, "थोडा गैरसमज झाला."

"कुणाचा?" मुलीच्या आईनं विचारलं.

मी परीक्षेची वेळ पुन्हा सांगितली. त्या म्हणाल्या, "कशावर सही-बिही घेऊ नका. पोरगी येईन." आणि मोटार बंद करायला आत गेल्या.

मुलगी करमाडहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. मी तिला शाळेत बोलावून घेतलं आणि अंधार पडेपर्यंत शिकवलं. महिनाभराचं काम एका संध्याकाळी होत नसतं. छेद सारखे करायचे हे तिला कळलं, पण का करायचे हे कळायच्या आत वेळ संपली. पेपरात तिनं जी गणितं सोडवली ती स्वच्छ सोडवली होती. बाकीची कोरी होती. सवलतीचे गुण मोजूनही ती उत्तीर्ण होईना. मी तो पेपर तीनदा तपासला, बाईंनाही दाखवला. कुठंही एखादा गुण सापडला नाही.

जूनमध्ये शाळा भरली तेव्हा तिच्या मैत्रिणी जिना चढून वरच्या वर्गात गेल्या. ती माझ्या वर्गाच्या दारात उभी राहिली. या वर्षीच्या मुलांमध्ये ती वीतभर उंच दिसत होती. तिनं एकच गोष्ट विचारली: "सर, मला नवीन पुस्तकं मिळतेत का मागचीच वापरायची?" मी नवीन दिली. मग पुढचा तासभर मला फळ्याकडं तोंड करूनच उभं राहावं लागलं.

पुढच्या आठवड्यात नव्या पाचवीची पहिली पालकसभा होती. आदल्या दिवशी मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "आता काय राहिलं सर?" मी म्हणालो, "मला तुमच्याशी बोलायचंय, आणि चारचौघांत बोलायचंय." त्यानं फोन ठेवून दिला. सभेला येईल असं मला वाटत नव्हतं. पण तो आला, सोबत बायकोही होती. तिनं त्या दिवशी रजा टाकली होती. दोघं दारापाशीच उभे राहिले. दुकानदारही होते, त्यांचा धाकटा मुलगा आता माझ्या वर्गात आला होता. त्यांनी लगेच सुरू केलं, "मास्तर, यंदा तरी सांगा, सेटिंग हाय का नाय?"

कुणी हसायच्या आत मी म्हणालो, "थांबा. आधी मला एक सांगायचंय."

मी टेबल सोडून दारापर्यंत गेलो. माझे डोळे त्याच्यावरच होते.

"मागच्या सभेत तुम्ही घरी ऐकवायला रेकॉर्ड करत होतात. मी तुम्हाला चोर ठरवलं आणि सगळ्यांसमोर तुमचं हसं केलं. तुम्ही ग्रुप सोडलेला मला दिसला होता. तुम्हाला तारीख कळणार नाही हे मला माहीत होतं, तरी मी तुमच्या दारी आलो नाही. तुमच्या मुलीचे सुट्टीतले जादा तास माझ्या आढ्यतेपायी गेले, आणि तिचं वर्षही. तुमच्या घरी मी त्याला गैरसमज म्हणालो. गैरसमज नव्हता तो. चूक माझी होती. दादा, ताई, मी तुमची माफी मागतो."