बोलू नका, आता येते तो

उजव्या हाताचं पहिलं बोट वर. डोळे मिटलेले. मान किंचित तिरपी, आतल्या खोलीतून कुणी हाक मारतंय का म्हणून कान द्यावा तशी. आणि हळूच, "बोलू नका मॅडम. आता येते तो."

हे आमचे शेजारचे काकाजी. आणि "तो" म्हणजे गाणारा. सातासमुद्रापलीकडच्या एका जुन्या रॉक बँडचा गायक. काकाजी तरुण होते तेव्हाच तो बँड जुना झाला होता, यावरून काय ते समजा.

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत आमच्या दोघांच्या घरांना भिंत एकच. बांधणाऱ्यानं विटा वाचवल्या आणि आम्हाला जन्माचं एकमेकांच्या कानात राहायला लावलं. आमच्या कुकरची शिट्टी त्यांना ऐकू जायची आणि त्यांची कॅसेट आम्हाला. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, बायको गेलेला, मुलगी पुण्याला असलेला हा माणूस. दर रविवारी दुपारची झोप झाली की टू-इन-वनचं बटण खट्टकन दाबायचा. ते खट्ट आमच्या स्वयंपाकघरात वाजायचं. माझ्या सासूबाई त्या वेळी भिंतीला टेकून भाजी निवडत बसलेल्या असायच्या. त्यांची मान खाली जायची, हात थांबायचे. मला वाटायचं, म्हातारीला डुलकी लागली.

काकाजींनी गाणं ऐकायला बोलावलं नाही असा माणूस गल्लीत उरला नव्हता. लोक एकदा जायचे, चहा प्यायचे आणि पुन्हा त्या बाजूला फिरकायचे नाहीत. मीही गेले. गाणं सुरू झालं एका गिटारनं. मग दुसरी गिटार आली. मग ड्रम. मग त्या दोन गिटारींचं आपसांत काहीतरी वाजलं, ते मिटलं, पुन्हा वाजलं. मी शाळेत फळ्यावर खडू चालवणारी बाई, मला एवढा धीर कुठला? विचारलं, "काकाजी, गाणारा सुट्टीवर आहे का?"

ते रागावले नाहीत. बोट वर केलं.

आणि तो आला. खरं सांगते, मला फार काही कळलं नाही. एक माणूस उंच आवाजात जीव तोडून काहीतरी मागत होता, एवढंच. पण काकाजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. स्टेशनवर ताटकळत उभं असताना आपलं माणूस डब्यातून उतरताना दिसावं, तसं. गाणं संपल्यावर त्यांनी माझ्याकडे आशेनं पाहिलं. मी म्हटलं, "छान आहे." त्यांना कळलं. "हाव," म्हणाले, आणि चहाचे कप उचलून आत गेले.

ती कॅसेट त्यांना कशी मिळाली, तेही ऐका. काकाजी कॉलेजात होते. जवळच्या आंजी गावचा एक मित्र आणि ते, दोघं वर्ध्याला एका खोलीत राहायचे. सेवाग्राम पाहायला आलेला एक गोरा पोरगा त्यांना भेटला, चार दिवस त्यांच्या खोलीवर पिठलं-भाकर खाऊन राहिला आणि जाताना मित्राच्या अंगातला खादीचा सदरा मागून घेऊन बदल्यात ही कॅसेट देऊन गेला. दोघांनी ती इतकी वाजवली की घरमालकानं खोली सोडायला सांगितली. दोघांनी खोली सोडली, कॅसेट नाही सोडली.

मग भांडण झालं. त्या गायकानं बँड सोडला आणि बँडनं दुसरा गाणारा घेतला. इकडे ही बातमी यायलाही वेळ लागला असेल. मित्र नागपूरला गेला आणि नव्या गायकाची कॅसेट हौसेनं घेऊन आला. काकाजी म्हणाले, "मी नाई ऐकत. तो नाई, तर काई नाई."

मित्र म्हणाला, "अबे, बँड चौघांचा हाय. एकट्या गाणाऱ्याचा हाय का?"

शब्दानं शब्द वाढला. मित्र आपली कॅसेट घेऊन आंजीला निघून गेला, तो शेतीतच रमला. बोलणं बंद झालं ते झालंच. भाऊ-भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडतात, ते मी समजू शकते. पण ज्याला दोघांपैकी कुणी जन्मात पाहिलं नाही त्याच्यावरून? आणि गंमत बघा, अख्ख्या वर्धा जिल्ह्यात त्या बँडवर जीव टाकणारी माणसं दोन, आणि दोघांत अबोला.

पण तो अबोला कसला होता, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. हा मित्र आंजीचा भाजीपाला घेऊन आमच्या आठवडी बाजारात बसायचा. काकाजी दर आठवड्याला त्याच्याकडूनच भाजी घ्यायचे. एकदा मी सोबत होते. काकाजी पोत्यासमोर उभे राहिले, बोटानं मेथी दाखवली. समोरच्यानं चार जुड्या पिशवीत टाकल्या. बोट वांग्यांवर गेलं, वांगी तोलली गेली. पैसे पोत्यावर ठेवले. मित्रानं वरून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी न मागता पिशवीत खोचली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, भाजीवाला मुका आहे. तेवढ्यात तो शेजारच्या बाईवर असा ओरडला की माझा गैरसमज गेला.

"काकाजी, एकट्या माणसाला चार जुड्या मेथी?" मी वाटेत विचारलं.

"जास्तच झाली जराशी. तुम्ही न्या."

ही "जराशी जास्त" मेथी कित्येक वर्षं आमच्या घरी आली. त्या भांडणावर आम्ही फुकटात पराठे खाल्ले असं म्हणायला हरकत नाही.

काकाजींच्या बैठकीत काकूंच्या फोटोशेजारी त्या गायकाचा फोटो होता, मासिकातून कापून फ्रेम केलेला. खांद्यावर केस, डोळे मिटलेले, दोन्ही हात पसरलेले. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पदर सारखा करून हात जोडले.

"कोनते महाराज हाय हे?"

काकाजी क्षणभर गडबडले. मग म्हणाले, "गाणारे महाराज हाय, आई."

"असं का," सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या जास्वंदीचं एक फूल त्या महाराजांना जाऊ लागलं. काकाजींनी कधी चूक सुधारली नाही. मलाही सुधारू दिली नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी ते कुंपणापाशी आले. दाढी वाढलेली, बनियनवर. "मॅडम, तो गेला."

ते आदल्याच दिवशी पुण्याहून परतले होते. मला वाटलं जावईच गेला की काय. हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. तर त्यांच्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर तो गायक, म्हातारा झालेला, केस विरळ. मला आधी रागच आला. पाहुणा नाही, रावळा नाही, आणि माझा जीव घाबरा केला. मग मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि राग विरून गेला. घरात गेले तर फोटोला हार घातलेला. काकूंच्या फोटोचा हार काढून त्याला घातला होता, फुलवाला उघडला नव्हता म्हणून.

"सुतक धरायचं म्हटलं तरी कोनाचं म्हणून धरू?" ते म्हणाले. "कोनाले सांगू? सांगाले माणूसच नाई मले."

"आहे की," मी म्हटलं. "आंजीचा."

ते फोटोचा हार सारखा करत राहिले. पण बाजाराच्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, नवरदेवासारखे निघाले. आज बोलणार, हे त्यांच्या चालीवरून गल्लीला कळलं असतं. तासाभरात परत आले. पिशवी रिकामी. मित्राच्या जागेवर त्याची सून बसली होती. ती म्हणाली, "मामाजीले लकवा मारला. उजवा भाग गेला, अन् वाचाही गेली."

काकाजी दिवसभर ओट्यावर बसून राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "मॅडम, येता का सोबत? एकटा गेलो तर मी दारातूनच परत फिरीन."

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटीवर आम्ही आंजीला निघालो. मागे काकाजी, त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला टू-इन-वन. तान्हं मूल दवाखान्यात नेतोय असं वाटून लोक वाट देत होते.

मित्र घरापुढच्या छपरीत खाटेवर होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उशीवर ठेवून दिलेला. डोळे मात्र लख्ख. काकाजी खाटेपाशी उभे राहिले. इतक्या वर्षांचं बोलायचं साठलेलं, आणि सुरुवात कुठून करायची हे सापडेना. शेवटी म्हणाले, "तो गेला रे."

मित्रानं डोळे मिटले, उघडले. त्याला ठाऊक होतं.

"तुझी ती कॅसेट हाय का अजून? नव्या गाणाऱ्याची? थेही लावू आज. मी ऐकतो."

सून आत गेली आणि डब्यातून ती कॅसेट घेऊन आली. इतक्या वर्षांत तिच्यावर धूळ नव्हती. काकाजींनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि खिशात ठेवली. "आधी आपली."

बटण खट्टकन वाजलं. पहिली गिटार आली, दुसरी आली, ड्रम आला. मित्राच्या डोळ्यांत पाणी जमू लागलं. आणि गिटारींचं वाजत असतानाच आवाज जाड झाला, ओढल्यासारखा रेंगाळला आणि थांबला. वरचा पंखाही थांबला. लाईन गेली होती.

"सेल नाई टाकले मी," काकाजी कसंबसं म्हणाले. ते इतके शरमले होते की मला बघवेना. "अबे, मले वाटलं नाई की लाईन अशी ऐन वेळेवर..."

मित्राचा डावा हात खाटेवरून उचलला गेला.  त्याचं पहिलं बोट सरळ झालं.

काकाजी वाक्य अर्ध्यात सोडून गप्प झाले. हे बोट मूळचं कुणाचं, ते तेव्हा मला कळलं. त्या खोलीवर, घरमालक दार वाजवत असताना, "बोलू नको, आता येते तो" असं म्हणणारा हा होता. काकाजी इतकी वर्षं आम्हा सगळ्यांना त्याचंच वाक्य ऐकवत होते.

दोघांनी डोळे मिटले. छपरीत काहीच वाजत नव्हतं. सून हातात पंखा घेऊन तशीच उभी. मग बोट खाली आलं, आणि त्याच घटकेला काकाजींची मान हलली. दोघांचा गाणारा एकाच वेळी आला होता. मी दोघांकडे बघत होते, म्हणून सांगते.

त्यानंतर काकाजी दर रविवारी एसटीनं आंजीला जाऊ लागले. सेल टाकून. दुसऱ्या गाणाऱ्याबद्दल मी विचारलं तर म्हणाले, "वाईट नाई तो. उगाच तोंड टाकलं मी." पोळ्याच्या आधी मित्र गेला. तेरवीहून परत आल्यावर त्यांनी टू-इन-वन पुन्हा चादरीत गुंडाळला. मी म्हटलं, लावत जा की, आम्हाला सवय आहे. म्हणाले, "आता बोट कोनासाठी वर करू?" दिवाळीत मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. निघताना सासूबाईंच्या पाया पडले. थंडी सरता सरता मुलीचा फोन आला, काकाजी झोपेतच गेले म्हणून.

घराला कुलूप आहे. मेथी आता मी विकत आणते.

परवा रविवारी दुपारी मी ती निवडायला घेतली. सासूबाई नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून. आणलेली मेथी कशी निबर आहे, याबद्दल माझी टकळी चालू होती. सासूबाईंचे हात थांबले. मान तिरपी झाली. मग त्यांनी मेथीच्या पाण्यानं ओलं झालेलं बोट वर केलं.

"बोलू नको वं. आता येते तो."

मी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे कुणीही नव्हतं. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. थोड्या वेळानं, कुठल्याशा नेमक्या जागी, त्यांची मान हलली. त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या.

मी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हटलं, "आई, तुम्हाला हे सगळं पाठ होतं? मग काकाजींना कधी सांगितलं का नाही? त्यांना वाटायचं, आपल्यासोबत ऐकणारं कुणी नाही."

"काऊन सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "मले वाटे, त्याले ठाऊक असन. भिंत तर एकच होती."